तंजावरला जायचं, पण जेवायचं कधी?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली देवळं दुपारी झोपतात. बारा-साडेबाराला गाभाऱ्याची दारं लागतात ती चारच्या सुमारास उघडतात. मधल्या वेळात तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी चालायचं धाडस तिथला माणूसही करत नाही. पुण्या-मुंबईकडून गेलेल्या कुटुंबांच्या बेतात मात्र नेमके हेच तास देवदर्शनाचे असतात. नाश्ता उशिरा, आंघोळी त्याहून उशिरा, देवळाच्या दारात पोचेपर्यंत साडेबारा. मग बंद दार, तहानलेली पोरं आणि ‘मी म्हटलंच होतं’ असं कुणीतरी कुणाला तरी ऐकवणं.

पुण्यातल्या एका घरात तंजावरची सहल ठरवताना दीर-भावजयीत जो वाद रंगला, तो या दुपारवरूनच. वहिनी या घरच्या सहलींच्या सर्वेसर्वा. बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा, पंच्याहत्तरीच्या सासूबाई आणि ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणणारा नवरा, एवढा लवाजमा घेऊन त्यांनी अर्धा देश पालथा घातला आहे. भाऊजी चेन्नईत नोकरीला, एकटा जीव. सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून कावेरीकाठच्या गावांत हिंडणारे. गणपतीला घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर जानेवारीचा विषय निघाला.

“भाऊजी, मला आधी जेवणाच्या जागा सांगा,” वहिनींनी वही उघडली. “देवळं हजार वर्षं तिथंच आहेत, ती कुठं जात नाहीत. आमच्या धाकट्याला भूक लागली की मात्र दहा मिनिटांत जग बुडतं.”

“जागा कशाला सांगू, वहिनी? जिथं स्कूटरी जास्त उभ्या दिसतील तिथं शिरायचं. पानावर पडेल ते खायचं.”

“आणि पोट बिघडलं तर?”

“दोन दिवस दहीभात.”

“तुम्हाला दोन दिवस. आमची अख्खी सहल जाते त्यात.”

एकट्या प्रवाशाचा सल्ला कुटुंबाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे भाऊजींना पटायला वेळ लागला. पण त्यांची तक्रारही अगदीच पोकळ नव्हती. वहिनींच्या फोनमध्ये कुणाकुणाकडून आलेली लांबलचक यादी होती: अमुक ठिकाणचा डोसा, तमुक ठिकाणची कॉफी, आणि प्रत्येकापुढे ‘चुकवू नका’. ती वाचून भाऊजींचा आवाज चढला.

“ही कॉफीच घ्या. चेन्नईहून दक्षिणेला निघालात की हायवेवर जागोजागी ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’चा फलक दिसतो. बाहेर चकचकीत पितळी भांडी मांडलेली. गाव शेकडो किलोमीटर लांब, आणि कुंभकोणमचं नाव प्रत्येक टपरीवर! तुमच्या यादीतली निम्मी ठिकाणं अशीच असतील.”

“फलक खोटा असला तरी तिथलं स्वच्छतागृह खरं असतं,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “सासूबाईंना दर दोन तासांनी थांबावं लागतं. कॉफी हा त्यातला वरकड फायदा.”

यावर भाऊजींकडे उत्तर नव्हतं. पण खरी कॉफी म्हणजे काय, ते सांगायची संधी त्यांनी सोडली नाही. चिकोरी मिसळलेल्या पुडीतून थेंब थेंब गाळलेला दाट अर्क, त्यात पाणी न घातलेलं तापतं दूध, आणि पितळेच्या डबऱ्यातून टंबलरमध्ये उंचावरून ओतत आणलेला फेस. कुंभकोणममध्ये कुंभेश्वराच्या देवळाजवळ मंगळांबिका विलास हे तिचं जुनं ठिकाण. “तिथं बसून प्या. बाटलीत भरून घेऊन निघू नका,” एवढीच त्यांची अट. वहिनींनी ते नाव वहीत लिहिलं. यादीला विरोध करणाऱ्यानेच यादीत भर घातली, हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

पुढचा खटका उडाला तो सांबारावरून.

वहिनींनी मुलांना सहलीची गोडी लागावी म्हणून एक गोष्ट सांगून ठेवली होती. तंजावरच्या शहाजी राजांकडे संभाजी महाराज पाहुणे म्हणून गेले, आमटीत घालायला कोकम संपलं होतं, आचाऱ्याने चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावाने पदार्थाला नाव मिळालं. मुलगा तेव्हापासून इडलीबरोबर ‘संभाजी महाराजांची आमटी’ मागत होता.

“वहिनी, तारखा बघा जरा,” भाऊजी म्हणाले. “तंजावरचे शहाजी गादीवर आले 1684 मध्ये. संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारलं 1689 मध्ये. मधली पाच वर्षं महाराज मोगल, सिद्दी, पोर्तुगीज यांच्याशी झुंजत होते. त्या धामधुमीत तंजावरला पाहुणचार घ्यायला गेल्याचा तेव्हाचा एक कागद मला दाखवा. आणि तमिळ माणूस चिंचेचं कालवण करायला आपल्या आचाऱ्याची वाट बघत बसला होता का?”

“कागद नाही माझ्याकडे. पण सात वर्षांचं पोर पानावरचं सांबार निमूट खातंय, ते कुणामुळे?”

“उद्या तो शाळेत हे इतिहास म्हणून लिहील.”

“लिहू दे. मग तुम्ही खोडा. काकाचं काम काय असतं?”

इथं लेखकाचं मत भाऊजींच्या बाजूने. ही दंतकथा मराठी पर्यटकाला सुखावते म्हणून इतकी फिरते, एरवी तिला आधार नाही. शिवाय तिच्यामागे धावताना खरी आणि जास्त मजेदार हकिकत बाजूला पडते. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत तिथं भोसल्यांची गादी होती. या पावणेदोनशे वर्षांत दोन स्वयंपाकघरांची देवाणघेवाण झाली, तिचे पुरावे कागदावर आहेत. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्यं, भाज्या, पक्वान्नं, त्यांचे गुणदोष आणि पथ्यं असा त्याचा पसारा आहे. जिलेबीच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्यांना या ग्रंथाशी थांबावंच लागतं. पुढे दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातल्या मुदपाकखान्याच्या कृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी हस्तलिखितात उतरल्या, आणि ते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलंही आहे. आजही तंजावरकडच्या तमिळ घरांत उडदाचं पीठ दह्यात कालवून ‘डांगर पचडी’ करतात. आपल्याकडे डांगर ओळखणारा माणूस त्या वाटीशी नक्की थबकेल.

“हे सांगा ना मुलांना!” भाऊजी म्हणाले. “जिलेबीची पोथी लिहिणारा माणूस संभाजी महाराजांच्या आमटीपेक्षा कमी आहे का?”

“कमी नाही. पण पोथी कुणी खात नाही. जिलेबी कुठं मिळते तिथं?”

जिलेबीचं ठाऊक नाही, पण भाऊजींनी त्यावर तोड काढली. तंजावरपासून 13 किलोमीटरवर तिरुवैयारू. संगीतकार त्यागराजांचं गाव. तिथल्या ‘आंडवर’ या मिठाईच्या दुकानातला अशोका हलवा प्रसिद्ध आहे. मुगाची डाळ, साखर आणि हात सैल सोडून घातलेलं तूप. केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम गरम देतात. आणि खुद्द तंजावरात ‘बॉम्बे स्वीट्स’ नावाचं दुकान आहे. “मुंबईहून इतक्या लांब जाऊन बॉम्बे स्वीट्स?” मुलीने मधेच विचारलं. हो, कारण तिथली चंद्रकला खायची असते. आत खव्याचं सारण, वर साखरेचा पाक, करंजीची सख्खी बहीण.

आता खरी अडचण सासूबाईंची. पोळीशिवाय त्यांचं जेवण होत नाही, आणि संकष्टी-एकादशी चुकत नाही.

“पोळीचं मी सांगतो,” भाऊजी म्हणाले. “दुपारी पोळी मागायचीच नाही. रात्री मागायची.” यामागे तिथल्या दिवसाचं गणित आहे. तमिळ हॉटेलात दुपार भाताची असते. साडेअकराच्या पुढे ‘मील्स’ सुरू होतात आणि अडीच-तीनला संपतात. चारनंतर टिफिन, म्हणजे डोसा, वडा, पोंगल. रात्री चपाती-कुर्मा सहज मिळतो. परोटा मात्र मैद्याचा, हे आजींना आधी सांगावं. दुपारी बाराला चपाती मागणारा आणि रात्री नऊला भाताचं पान मागणारा पाहुणा, दोघंही तिथं उपाशी राहतात. मग घरी येऊन ‘तिकडं खायला काही मिळत नाही’ असं सांगतात.

“आणि उपास?”

“तिथं गंमत आहे. आपल्या खिचडीचा साबुदाणा येतो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमच्या पट्ट्यातून. तिथं टॅपिओकाची शेती आणि साबुदाण्याचे कारखाने आहेत. पण त्याच राज्यात उपासाची खिचडी कुणाला माहीत नाही. ते त्याची खीर करतात, पापड-वडे वाळवतात.”

“म्हणजे मी दाण्याचं कूट बरोबर न्यायचं.”

“कूट न्या, शेगडी नेऊ नका.”

वहिनींनी दोन्ही लिहिलं, पण शेगडीसमोर प्रश्नचिन्ह काढलं.

आजींच्या रक्तदाबाचा विषय निघाला तेव्हा भाऊजींना एकदम एक देऊळ आठवलं. कुंभकोणमपासून सहा-सात किलोमीटरवर तिरुनागेश्वरमला उप्पिलियप्पन पेरुमाळचं देऊळ आहे. विष्णूचं. इथल्या नैवेद्यात मीठ घालत नाहीत. कथा अशी की देवाची पत्नी भूमिदेवी वयाने लहान, तिला मिठाचा अंदाज येईना म्हणून तिच्या वडिलांनी लग्नाला आढेवेढे घेतले. देव म्हणाला, मी अळणीच खाईन. तेव्हापासून प्रसादाची पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भातसुद्धा, बिनमिठाची. खारट पदार्थ देवळात न्यायचेही नाहीत असा शिरस्ता. “आईला तिथं न्याच,” भाऊजी म्हणाले. “आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर आणि देव एकच सांगताना दिसतील.”

इथं मात्र दंतकथा चालते का, असा प्रश्न वहिनींनी विचारला, आणि तो रास्त होता. भाऊजींनी खांदे उडवले. सांबाराची गोष्ट इतिहासाचा मुखवटा लावून येते, मिठाची गोष्ट देवळातच राहते, असं काहीतरी ते पुटपुटले. फरक आहे, पण टेबलावर तो पुरेसा ठसला नाही.

मग केळीच्या पानाचा धडा. यात मात्र कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं. मुलांसाठी सहलीतला सगळ्यात मोठा खेळ म्हणजे हे पान. निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वरच्या अर्ध्या भागात भाज्या, कूटू, लोणचं, अप्पळम; खालच्या भागात भात. पानावर पाणी शिंपडून हाताने पुसायचं, हे मुलं सगळ्यात आनंदाने करतात. भाताचे हप्ते ठरलेले आहेत. पहिल्या भातावर सांबार, मग वत्तकोळंबूसारखं झणझणीत चिंचेचं कालवण, मग रसम, मग पायसम असेल तर ते, आणि शेवटी ताक किंवा दही. आपण वरण-भाताने सुरुवात करून मट्ठ्याने शेवट करतो, त्यामुळे घाटावरच्या माणसाला हे अनोळखी वाटायचं कारण नाही. गफलत होते ती पहिल्या वाढपातच. पोट भरेपर्यंत सांबार-भात खाल्ला की रसमाची वेळ येईपर्यंत माणूस थकतो.

“मुलांना पहिला भात घासभर,” वहिनींनी ठरवून टाकलं. “आणि रसम वाटीत मागायचं. सूप म्हणून पितात.”

“त्याआधी पोडी-तूप. डाळ-मिरचीची कोरडी चटणी, गरम भात, वर तुपाची धार. धाकटा तिखट खात नसेल तर नुसतं तूप आणि अप्पळम. कुणी हसत नाही. आणि जेवण झालं की पानाचा वरचा भाग आपल्याकडे दुमडायचा. आवडलं, असा त्याचा अर्थ.”

भाताला इतका मान का, हे मुलीला प्रवासातच कळेल. तंजावर जिल्हा म्हणजे तमिळनाडूचं भाताचं कोठार. कावेरीचे फाटे, कालवे आणि दोन्हीकडे हिरवी खाचरं. त्या पाण्याची व्यवस्था किती जुनी, ते पाहायचं तर तिरुचिरापल्लीहून येताना कल्लणै लागतं. करिकाल चोळाच्या नावावर सांगितलं जाणारं हे धरण आजही वापरात आहे. तिरुचिरापल्लीला विमानतळ आहे आणि तिथून तंजावर 60 किलोमीटरच्या आत-बाहेर. वहिनींचा कल या वाटेकडे. भाऊजींचा हट्ट रेल्वेचा: चेन्नई एग्मोरहून रात्री सुटणारी उझवन एक्स्प्रेस सकाळी तंजावरला सोडते, आणि सकाळी लवकर पोचणं हाच या प्रदेशातला अर्धा विजय.

“लवकर पोचून काय करायचं? हॉटेलची खोली बाराला मिळते.”

“आंघोळ स्टेशनवर, इडली बाहेर, आणि थेट मोठ्या देवळात. दहाच्या आत.”

“सासूबाई स्टेशनवर आंघोळ करणार नाहीत.”

हा मुद्दा वहिनींनी जिंकला. आदल्या रात्रीची खोली घेऊन ठेवायची असं ठरलं. खर्च वाढतो, पण सकाळ वाचते. माणसं सहलीत पैसे नको तिथं वाचवतात, त्याचं हे अगदी नेहमीचं उदाहरण. कुटुंबाने एक जेवण साधं करावं, पण पहिल्या सकाळची खोली सोडू नये.

मोठं देऊळ म्हणजे बृहदीश्वर. राजराज चोळाने बांधलेलं, 1010 मध्ये पूर्ण झालेलं, सुमारे 60 मीटर उंचीचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, असलेलं. 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. 2004 मध्ये गंगैकोंड चोळपुरम आणि दारासुरमची देवळंही त्याच्या जोडीला आली. इथं भेटणारे पुष्कळ लोक ठासून सांगतात की विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. वहिनींनीही ते ऐकलं होतं.

“पडते,” भाऊजी म्हणाले. “सकाळी आठला देवळाच्या मागच्या अंगाला जा, पायाशी पडलेली दिसते.”

“मग मुलांना आधी सांगू की पडत नाही.”

“वहिनी!”

“ऐका तर. सांगू की लोक असं म्हणतात, आणि बघू कोण आधी सावली शोधतं. तुम्ही शिलालेख दाखवत अर्धा तास उभं कराल, ती कंटाळतील. सावली शोधायला धावत जातील.”

भाऊजी क्षणभर गप्प बसले. अभ्यासू माणसाला मुलांची युक्ती सुचत नाही, आणि आईला सुचते तेव्हा ती त्याला थोडी लागते. त्यांनी लगेच आपल्या पोतडीतून भर घातली. आजींसाठी याच देवळात एक नवल आहे. आवाराच्या भिंतीवर सरफोजींनी 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या चोळ देवळात पुण्याची आजी उभी राहून अक्षरं लावू शकते. मराठी प्रवासी बहुतेक सावलीची गोष्ट ऐकून या भिंतीसमोरून तसेच निघून जातात.

राजवाड्याचा बेत चटकन ठरला, कारण तिथं दोघांच्याही वाट्याचं काहीतरी होतं. चित्र-शिल्प दालनात चोळांचे ब्राँझ आहेत. तिरुवेंगाडूचा अकराव्या शतकातला वृषवाहन शिव, नंदीवर टेकण्यासाठी कोपर वाकवून उभा. नंदी मात्र गायब, त्यामुळे देव हवेला टेकलेला. शेजारी सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय. भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी वाढवला. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं आहेत. सरफोजींनी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ नावाने मराठीत आणल्या. पुण्यात पेशवाई होती तेव्हा तंजावरात मराठी मुलांचं पुस्तक तयार होत होतं, हे मुलीला सांगायचं भाऊजींनी स्वतःकडे घेतलं. आणि धाकट्यासाठी देवमासा: तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या एका प्रचंड देवमाशाचा सांगाडा राजवाड्यात ठेवला आहे. राजवाड्यात हाडं कशाला, हा प्रश्न तो विचारणारच. त्याचं उत्तर कुणी तयार ठेवलेलं नाही.

मुक्काम कुठं, यावर पुन्हा ठिणगी. भाऊजींना रोज नवं गाव हवं होतं. वहिनींना एकच खोली आणि एकदाच उघडलेल्या बॅगा.

“रोज बॅगा भरायच्या म्हणजे रोज सकाळचे दीड तास गेले. आणि तुम्हीच म्हणालात, इथं सकाळच महत्त्वाची.”

बिनतोड. पण भाऊजींनीही नकाशा पुढे केला. तंजावर ते कुंभकोणम 40 किलोमीटर. आणि चोळ देवळं, मूर्तिकार, अळणी देव, सगळे कुंभकोणमभोवती. दारासुरम तिथून 4 किलोमीटर, स्वामीमलै जवळच, गंगैकोंड चोळपुरम तासाभरात. तंजावरात राहून हे सगळं करायचं तर रोज जाऊन-येऊन तेवढाच वेळ रस्त्यावर. शेवटी दोन मुक्काम ठरले: आधी तंजावर, मग कुंभकोणम. कुंभकोणमच्या हॉटेलांत इडलीबरोबर कधीमधी ‘कडप्पा’ मिळतो, मुगाची डाळ आणि बटाट्याचं फिकट, मवाळ कालवण. तो रोज, सगळीकडे असतोच असं नाही. वाढप्याला विचारावं लागतं. तिखट न खाणाऱ्या मुलाला सांबारापेक्षा हे लवकर आवडेल. शहराबाहेर पडल्यावर तो शोधूनही सापडत नाही, म्हणून भाऊजींच्या लेखी तो कॉफीपेक्षा वरचा.

दारासुरमला दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ आहे. मोठ्या देवळाच्या मानाने लहान, आणि मुलांना तेच जास्त भावतं. मंडपाला दगडी चाकं आणि ओढणारे घोडे. एका ठिकाणी हत्ती आणि बैल एकाच डोक्यात कोरलेले. एक बाजू हाताने झाकली की हत्ती, दुसरी झाकली की बैल. वहिनींनी लगेच ‘शोधा’ असं लिहून त्याखाली रेघ मारली. स्वामीमलैला मेणाचा पुतळा करून, त्यावर कावेरीची माती लिंपून, मेण वितळवून जागी धातू ओतणारे मूर्तिकार आहेत. ब्राँझ दालन आधी पाहिलं असेल तर इथं मुलांचे डोळे वेगळे चमकतात; क्रम उलटा झाला तर दोन्ही ठिकाणं अर्धीच राहतात. भाऊजींनी हा क्रम आग्रहाने लिहून घ्यायला लावला, आणि वहिनींनी पहिल्यांदाच कुरकुर न करता लिहिला.

उरला एक दिवस, आणि त्यावर मात्र कुणी मागे हटेना.

भाऊजींना तरंगंबाडीला जायचं होतं. रघुनाथ नायकाच्या परवानगीने 1620 मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी तिथं डान्सबोर्ग किल्ला बांधला, 1845 मध्ये इंग्रजांना विकून टाकला. मधल्या काळात, 1706 मध्ये, त्सीगेनबाल्ग नावाचा पाद्री आला, तमिळ शिकला, आणि बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून घेतला. समुद्राला लागून पिवळसर किल्ला, डॅनिश गल्ल्या, बाजूला लाटांनी खाल्लेलं शिवमंदिर. “मुलीला भूगोलात स्कँडिनेव्हिया आहे. तिला कळू दे तो इथं कसा आला.”

वहिनींना गोविंदपुरमला. कुंभकोणमजवळच्या या गावी महाराष्ट्राच्या धर्तीवर बांधलेलं मोठं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे आणि तिथं अभंग गातात. तंजावरच्या मराठी काळात कीर्तन तिकडे गेलं, तमिळ हरिकथेत मिसळलं, आणि आज तमिळ गायक अभंग म्हणतात तेव्हा आपल्या आजीलाही शब्द ओळखू येतात. “सासूबाई तीन दिवस चोळांची देवळं चढतील. एक दिवस त्यांचा नको?”

“विठ्ठल काय, पंढरपूरला आहे.”

“डेन्मार्कही डेन्मार्कला आहे.”

वादात इतकी हजरजबाबी वहिनी भेटली की दिराने शरणागती पत्करावी. पण इथं शरण जायची गरजच नव्हती. अशा प्रवासात सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच हिंडायचं, हा मराठी कुटुंबांचा हट्ट फार महागात पडतो. एक दिवस दोन गाड्या केल्या तर एका गाडीत आजी, वहिनी आणि धाकटा, त्यांचा गोविंदपुरम आणि अळणी देव, दुपारी झोप; दुसऱ्या गाडीत काका आणि मुलगी, समुद्र आणि किल्ला. चारला कुंभकोणममध्ये टिफिनला एकत्र. वहिनींना हा तोडगा पटला, फक्त दुसऱ्या गाडीने साडेसहाला निघायचं आणि मुलीच्या डोक्यावर टोपी असायची, या दोन अटींवर.

तारीख बाकी होती. भाऊजींचा जीव पोंगल सणातल्या माट्टू पोंगलच्या दिवसात अडकलेला: त्या दिवशी मोठ्या देवळातला अजस्र नंदी भाज्या-फळांनी सजवतात. वहिनींनी मान हलवली. पोंगलच्या आठवड्यात तमिळनाडूतल्या गाड्या आरक्षण उघडताच भरतात, आणि आता आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं. उभ्या गर्दीत सासूबाईंना नेऊन नंदीच्या पाठीवरची वांगी दाखवायला त्या तयार नव्हत्या. पोंगल संपल्यावरचा आठवडा ठरला. तिरुवैयारूची त्यागराज आराधना पुष्य वद्य पंचमीला असते, ती इंग्रजी तारखेने पुढेमागे सरकते. जमली तर बोनस, नाहीतर अशोका हलवा बारा महिने आहेच.

वही मिटायच्या बेतात असताना इतका वेळ पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. “या सगळ्यात मटण कुठं आहे?”

दोघांनी पानं उलटली. कुठंच नव्हतं. इडली, रसम, अळणी पुळियोदरै, मुगाचा हलवा, आणि मधे एक देवमासा, तोही नुसता सांगाडा. भाऊजींनी सावरून घेतलं: तंजावरात बिर्याणी मिळेल, आणि ती बासमतीची नव्हे, जिरगसांबा नावाच्या बारीक तांदळाची असेल; चेट्टिनाडचं झणझणीत हवं तर कारैकुडीपर्यंत जावं लागेल, ते या खेपेला शक्य नाही.

“तरंगंबाडीला मासे असतील ना?” नवऱ्याने विचारलं.

“असतील.”

“मग मी दुसऱ्या गाडीत.” आणि त्याने पेपर पुन्हा उघडला.